नागपुरात जेवताना : पैसा ताटात किती उतरतो?

शुक्रवार

भाचीचा साखरपुडा जानेवारीत नागपुरात आहे. साठ माणसांचं जेवण कुठे द्यायचं हे ठरत नव्हतं, म्हणून ताईने आम्हा नवराबायकोला आधीच चार दिवसांसाठी बोलावून घेतलं. मी नाशिकला विद्यार्थ्यांची मेस चालवते. तांदळाचा कट्टा, तेलाचा डबा, १९ किलोचा सिलिंडर यांचे भाव रोज डोक्यात असतात. "तुला ताट बघून कळतं त्याला काय पडलं असेल ते," एवढंच ताई फोनवर म्हणाली.

विदर्भ एक्सप्रेसने नाशिक रोडहून रात्री बसलो आणि सकाळी नागपूरला उतरलो. डिसेंबरचा महिना, हिवाळी अधिवेशन चालू, त्यामुळे बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, आसपासची लॉज सगळी भरलेली. आम्ही प्रतापनगरला ताईकडेच. आंघोळी झाल्या आणि भाऊजींनी घरचा चहासुद्धा घेऊ दिला नाही. सुभाषनगरहून मेट्रो धरली, सीताबर्डीला गाडी बदलली आणि कस्तुरचंद पार्कला उतरलो. तर्री पोह्यांसाठी.

नागपूरची सकाळ तर्री पोह्यांनी सुरू होते. मोठ्या गंजात वाफेवर गरम राहिलेले पिवळे पोहे, त्यावर काळ्या चण्यांची लालभडक तर्री, वरून कांदा, चिवडा, लिंबाची फोड. उभ्यानेच खायचं. आम्ही खाल्ले त्या ठिकाणी प्लेट ३० रुपयांना होती. मनात हिशेब चालू झालाच. सुके पोहे सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम, म्हणजे चार-साडेचार रुपये. चणे दोन रुपयांचे. तेल, मसाला, कांदा, लिंबू, गॅस, कागदी प्लेट धरून आणखी पाच-सहा. बारा रुपयांच्या आसपास माल गेला. हॉटेलच्या धंद्यात साधारण असं धरतात की विक्रीच्या किमतीचा तिसरा हिस्सा कच्च्या मालाला जातो आणि उरलेल्यात भाडं, पगार, वीज, गॅस आणि नफा बसवायचा. इथे मालच चाळीस टक्क्यांवर गेला होता. खुर्ची नाही, पंखा नाही, वाढपी नाही. जागेचा खर्च जवळजवळ नाहीच, म्हणून हे परवडतं. त्यातच गंज दर अर्ध्या तासाला रिकामा होत होता. अधिवेशनाला आलेले लोक, पोलीस, वकील, कॉलेजची पोरं, सगळे तिथेच उभे. पोह्यांना शिळं व्हायला वेळच मिळत नव्हता. गर्दी बघून मी हॉटेलात शिरते ती याच कारणाने. गर्दीला चव कळते की नाही हे मला ठाऊक नाही, पण गर्दी असली की माल फिरतो.

तर्री झणझणीत होती पण घशाला लागली नाही. तेल ताजं होतं, तिखटाला नुसता जाळ नव्हता तर चवही होती. भाऊजी म्हणाले, मिरची भिवापूरची असली म्हणजे अशी लागते. भिवापूर नागपूर जिल्ह्यातलाच तालुका, तिथली मिरची नावाजलेली. या गाडीवर कुठली वापरतात ते मी विचारलं नाही, मागे रांग होती.

संध्याकाळी पहिली जागा बघायला गेलो. वर्धा रोडकडचं मोठं एसी रेस्टॉरंट, वरच्या मजल्यावर पार्टीचा हॉल. भाचीच्या मैत्रिणीने सुचवलेलं. आधी खाली बसून जेवू, मग वरचं बोलू, असं ठरवलं. मेनूकार्ड चौदा पानांचं. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, पिझ्झा, सिझलर, सगळं एकाच स्वयंपाकघरातून. असं कार्ड हातात आलं की मला काळजी वाटते. दीडशे पदार्थ रोज ताजे कोण करणार? लाल, पांढरी आणि पिवळी अशा दोन-तीन ग्रेव्ह्या सकाळी मोठ्या भांड्यात तयार होतात, मग नाव बदलेल तसं त्यात पनीर, कोफ्ता किंवा काजू पडतो. यात लबाडी नाही, मोठं स्वयंपाकघर असंच चालतं. पण मग तीन भाज्या मागवून तिन्हींची चव एकाच घरातली लागते, आणि तसंच झालं.

पनीरची भाजी ३४० रुपये. वाटीत सव्वाशे ग्रॅम पनीर होतं, म्हणजे पन्नास रुपयांचं. ग्रेव्ही आणि वरची साय धरली तरी पंचाहत्तरच्या वर माल जात नाही. बावीस टक्के. उरलेला पैसा थंड हवेला, गुळगुळीत टेबलांना, दारात गाडी लावून देणाऱ्या मुलाला गेला. तंदूरमधून आलेली नान मात्र उत्तम होती. गरम, कडेने कुरकुरीत, मधे मऊ. तिला नावं ठेवायला जागा नव्हती, कारण ती मागितल्यावर भाजली होती.

बिल आलं त्यात पाच टक्के जीएसटी होताच, शिवाय दहा टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला. यांनी शांतपणे तो काढायला सांगितला आणि मॅनेजरने लगेच काढून दुसरं बिल आणून दिलं. ग्राहकाला न विचारता बिलात सर्व्हिस चार्ज घालायचा नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलं आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. कोणी अडून बसलं तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. जीएसटी द्यावाच लागतो, सर्व्हिस चार्ज द्यायचा की नाही ते आपण ठरवायचं. पाच जणांच्या बिलात अडीचशे रुपये म्हणजे घरी आणखी एका जेवणाचा भाजीपाला. वाढणाऱ्या मुलाने मनापासून वाढलं होतं, त्याच्या हातात आम्ही वेगळे दिले.

वरच्या हॉलचा दर ताटाला ७५० रुपये, पदार्थ एकवीस, आणि मिनिमम गॅरंटी पंचाहत्तर ताटांची. आपली माणसं साठ. म्हणजे पंधरा न जेवलेल्या माणसांचेही पैसे भरायचे. ५६,२५० भागिले साठ, माणशी साडेनऊशेच्या जवळ पोचलो, वर कर वेगळा. कार्डावर छापलेला ७५० चा आकडा खरा नव्हेच. दर विचारताना "किती ताटांची गॅरंटी" हा प्रश्न आधी विचारायला हवा.

तरी त्या जागेच्या बाजूनेही लिहिते. ताईचे सासरे ऐंशीच्या पुढचे आहेत. लिफ्ट, स्वच्छ संडास, हात धुवायला गरम पाणी, गाड्या लावायला जागा, हे सगळं तिथे होतं. म्हाताऱ्या माणसाला घेऊन बाहेर जेवायला जाणाऱ्या घराला याची किंमत कळते. ती मोजायला माझी ना नाही. फक्त ती जागेची किंमत आहे हे डोक्यात स्पष्ट हवं. तिला जेवणाची किंमत समजलं की ताटात काय आहे ते बघायचं राहून जातं.

शनिवार

आज सावजी. भाऊजींनी आदल्या रात्रीच जाहीर केलं होतं. "नाशिकची मिसळ तिखट म्हणून राहिली ना तू, आता उद्या पाहा." ऑटो केला आणि गोळीबार चौकाच्या बाजूला गेलो. हा भाग जुन्या नागपूरचा. इतवारी, गांधीबाग, महाल. सावजी जेवण हलबा कोष्टी समाजाचं, म्हणजे विणकरांचं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला याच शहरात सुरू झाली आणि गिरणीचं कापड स्वस्तात येऊ लागल्यावर हातमागाला दिवस कठीण होत गेले. विणकामाची मिळकत आटली तशी कितीतरी घरांनी पुढच्या खोलीत बाकडी टाकून खानावळ सुरू केली. आज सावजीच्या पाट्या पुण्या-मुंबईतही दिसतात. पण आम्ही गेलो ती खानावळ अजून घरातच आहे. पुढे चार बाकडी, मागे चूल आणि माणसं राहतात त्या खोल्या.

फळ्यावर खडूने सहाच पदार्थ लिहिलेले. मटण, चिकन, खूर, अंडाकरी, पाटोडी रस्सा, डाळकांदा. शिवाय भाकरी, पोळी, भात. मला तिथेच बरं वाटलं. मागे जाऊन बघू का विचारलं, तर मालकीणबाईंनी हात पुसत पुसत बोलावलं. "या ना जी, पाहा. लपवायचं काय आहे?" सकाळी बारा किलो मटण येतं, ते दुपारपर्यंत शिजतं, संध्याकाळी लागलं तर पुन्हा आणतात, आणि संपलं की फळ्यावरचं नाव पुसतात. माझ्या देखत खूर पुसला गेला. एक गिऱ्हाईक हळहळलं, पण कालचं काढून कोणी दिलं नाही.

मसाला काळा. धणे, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, लवंग, मिरे, दालचिनी, शहाजिरे, जायपत्री, तमालपत्र. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण खोबऱ्याला लागणारा वेळ खसखशीला दिला तर ती करपते. पूर्वी सगळं जवसाच्या तेलात असायचं. आता बाई रोजच्याला शेंगदाण्याचं वापरतात आणि सणाला जवसाचं काढतात. हे त्यांनी न विचारता सांगितलं, आणि सांगितलं म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

मटणाची प्लेट २६० रुपये. पाच तुकडे, वाटीभर रस्सा, वर बोटभर तर्री. बाजारात मटण किलोला आठशेच्या घरात आहे. सव्वाशे-दीडशे ग्रॅम कच्चं धरलं तरी शंभर-एकशेवीस रुपयांचं मटणच झालं. मसाला आणि तेल तीस-पस्तीस. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा वाटीत. काल पनीरमध्ये बावीस टक्के, आज पन्नासच्या वर. मटण हाडापासून सुटत होतं पण विरघळलेलं नव्हतं. तिखट आधी कानात गेलं आणि मग जिभेवर मसाल्याची चव राहिली, भाजलेल्या खोबऱ्याची, दगडफुलाची. ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात. यांनी घाम पुसत दुसऱ्यांदा रस्सा मागितला. तो न मोजता वाढला.

हे परवडतं कसं, हा विचार जेवताना सुटला नाही. घर स्वतःचं, भाडं नाही. एसी नाही. आणि हात घरचेच. सासू मसाला भाजते, सून भाकरी करते, मुलगा वाढतो, यांना पगार कोणी देत नाही. त्या २६० रुपयांत बायकांचे आठ-दहा तास जवळजवळ फुकट आहेत. मी स्वतः मेस चालवते, त्यामुळे हे मला इतकं जवळून दिसतं की स्वस्त आणि मस्त म्हणून टाळी द्यायला हात उचलत नाही. ही प्लेट ३०० ला गेली तरी ती महाग म्हणायचा आपल्याला हक्क नाही. चवीची जागा म्हणून लोक घरगुती खानावळींचं कौतुक करतात, आणि तिथेच दहा रुपयांवरून घासाघीस करतात. काल एसीत ३४० ला कोणी हू की चू केलं नव्हतं.

पाटोडी रस्सा मी मुद्दाम मागवला. १२० रुपये. बेसन किती? पंधरा रुपयांचं. मग महाग का वाटला नाही? बेसन घट्ट होईपर्यंत न थांबता घोटायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, तेल लावलेल्या ताटात गरम असतानाच थापायचं, वरून खोबरं आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरायचं आणि वड्या पाडायच्या. रस्सा वेगळा. मनगट दुखतं. मालाचा हिशेब इथे पुरत नाही, मेहनतीचाही धरावा लागतो. पनीर कापून ग्रेव्हीत सोडणं आणि पाटोडी घोटणं यात मला तरी पाटोडीला पैसे द्यायला आवडतात.

बिल साध्या कागदावर, त्यात जीएसटी नाही. छोट्या खानावळीला तो लागू नसतो किंवा कंपोझिशन योजनेत, म्हणजे विक्रीवर ठरावीक दराने एकत्र कर भरायच्या योजनेत, असेल तर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. भिंतीवर अन्न परवान्याचा कागद मात्र फ्रेम करून लावलेला होता, चौदा आकडी नंबरासकट. मी तो बघतेच. जागा छोटी असली म्हणून सूट देत नाही.

परतताना रस्त्यात एक बोर्ड दिसला : मटण थाळी १५० रुपये, दोन भाकरी आणि भातासह. भाचा म्हणाला, "मावशी, बघ किती स्वस्त." मी त्याला ऑटोतच हिशेब घालून दाखवला. आठशे रुपये किलोच्या मटणाचं शंभर ग्रॅम ८० ला पडतं. भाकरी, भात, तेल, मसाला, गॅस ५० ला. उरलेल्या वीस रुपयांत भाडं, माणसं आणि नफा. तेव्हा एक तर तुकडे दोनच असणार आणि तेही हाडाचे, नाहीतर कुठेतरी दुसरीकडे काटकसर असणार. आत काय आहे ते मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्या जागेला दोष देत नाही. पण बाजारभाव माहीत असताना अशा दराला मटण खायला माझं मन धजत नाही. भाच्याला हे पटलं, आणि त्याने मोबाइलवर मटणाचा भाव लिहून ठेवला.

संध्याकाळी बर्डीवर फिरलो. गर्दी अफाट. सांबारवडी खायची होती, पण आधी कढई बघितली. पहिल्या गाडीवर तेल काळसर झालेलं, वडी सोडली की कडेला फेस चढत होता आणि धूर येत होता. तळणाचं तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात पोलर घटक, म्हणजे तेल बिघडून तयार होणारे घटक, वाढतात. २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते वापरायचं नाही असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. आपल्याकडे मोजायचं यंत्र नसतं, पण फेस, धूर आणि रंग डोळ्यांना दिसतात. पुढच्या गाडीवर तेल स्वच्छ होतं, वडी पाच रुपयांनी महाग. तिथे खाल्ली. आत भरपूर कोथिंबीर, खसखस, सुकं खोबरं, बाहेरचं आवरण खुसखुशीत. तेलाचा डबा वेळेवर बदलायचा तर ते पाच रुपये त्याला लागणारच.

रविवार

सकाळी गोकुळपेठच्या बाजारात. सोले आलेत, म्हणजे ओल्या तुरीचे दाणे. लहान काटेरी वांगी, मेथी, लसणाची पात. ताईने दोन किलो शेंगा घेतल्या.

दुपारी दुसरी जागा बघायची होती, अमर्याद थाळीवाली. ४२० रुपयांत हवं तेवढं. ताटात वाट्याच वाट्या. दोन फरसाण, चार भाज्या, डाळ, कढी, दोन गोड, पुऱ्या, फुलके, खिचडी, ताक. वाढपी धावत येतात, आणि सुरुवातीला काय वाढतात ते नीट बघण्यासारखं आहे. ढोकळा, पापड, डाळ, भात आधी आणि आग्रहाने. बासुंदीची वाटी लहान आणि फेरी उशिरा. अमर्याद थाळीचं गणित पोटावर चालतं. दहातले दोघे भरपूर खातात, आठ जण चारशेचं खाऊ शकत नाहीत. भाच्याने पैसे वसूल केले. ताईच्या सासऱ्यांनी दोन फुलके, वाटीभर डाळ आणि ताक घेतलं, त्यांचेही ४२० लागले. जिथे भूक सारखी नसते तिथे सगळ्यांना एकच दर लावणं वडीलधाऱ्यांवर अन्याय आहे. लहानांना तरी अर्धा दर असतो. फुलके गरम होते, त्यावर तूप खरं होतं. भाज्या चारही गोडूस, आणि एकही लक्षात राहिली नाही. शेजारच्या टेबलावरून परत गेलेल्या वाट्या पाहून मात्र जीव कळवळला. भरलेल्या वाट्या, बोटही न लावलेल्या. त्या अन्नाची किंमतही आपल्याच ४२० मध्ये धरलेली असते.

रात्री वडाभात. ही जागा ताईच्या शेजारणीने सांगितली. धरमपेठेत दोघी जावा आपल्या घराच्या तळमजल्यावर खानावळ चालवतात आणि रविवारी वडाभात करतात. आधी फोन करून माणसं सांगावी लागतात. तूर, हरभरा, मूग, उडीद अशा डाळी भिजवून भरड वाटायच्या, वडे तळायचे, गरम भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग, मोहरी, लाल मिरचीच्या फोडणीचं तेल. सोबत कढी. ताट १८० रुपये. वडे आम्ही बसल्यावर कढईत पडले, तो आवाज ऐकतच पहिला घास घेतला. डाळीचा कण जिभेला लागतो, हिंग नाकात चढतो, कढी सगळं निवळवते. त्याच ताटात सोले-वांगे होते, चार चमचे, पण ते चार चमचे मला एकवीस पदार्थांपेक्षा मोठे वाटले. ताईचे सासरे, जे दुपारी थाळीत काही खाऊ शकले नाहीत, त्यांनी इथे दुसऱ्यांदा भात मागितला.

घरी येऊन रात्री बाराला बोलणं संपलं. भाऊजींचं मन वर्धा रोडच्या हॉलकडे होतं. "मुलाकडची माणसं येऊन राहिली पुण्याहून, चार पदार्थ कमी दिसले तर?" त्यांची काळजी खोटी नव्हती, मुलीचा बाप आहेत. मी त्यांना वहीत दोन रकाने करून दाखवले. एकीकडे ५६,२५०, एकवीस पदार्थ, तीन ग्रेव्ह्या, आणि पंधरा रिकामी ताटं. दुसरीकडे दोघी जावांचं जेवण ताटाला ३२० ने १९,२००, दोन मदतनीस ३,००० आणि सोसायटीच्या मागच्या मंगल सभागृहाचं भाडं ६,०००. बेरीज २८,२००, माणशी ४७०. सभागृह तळमजल्यावर, संडास आम्ही सकाळीच जाऊन पाहिला होता, स्वच्छ आहे. भाऊजी म्हणाले, "पैसा वाचवायचा नाही मला." मी म्हटलं, वाचवूच नका. त्यातले पाच हजार तुपाला आणि गोडाला घाला, ताट ३२० वरून ४०० ला न्या, पदार्थ आठच ठेवा. लोकांना आठ पदार्थ गरम मिळाले तर ते पदार्थ मोजत बसत नाहीत. ताई पहिल्यांदा बोलली ती इथे : "माझ्या लग्नात आईने सहाच केले होते, अजून आत्या पुरणपोळीचं नाव काढतात." भाऊजी हसले आणि वही स्वतःकडे ओढून त्यांनी पुरणपोळी लिहिली.

सोमवार

सकाळी संत्री आणि संत्रा बर्फी. बाजारात आंबिया बहाराची फळं होती, साल सैल, सोलायला सोपी. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ढिगातलं प्रत्येक फळ नागपुरीच असेल असं नाही, म्हणून एक सोलून खाल्ल्याशिवाय घेतली नाहीत. विक्रेत्याने हसत सोलून दिलं. बर्फी हल्दीरामची, आणि एका जुन्या मिठाईवाल्याकडची सुटी, दोन्ही घेतल्या. पॅकबंद डब्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर पहिली आहे की फळ, हे तिथेच वाचता येतं. सुट्या मिठाईच्या ताटाजवळ ती कधीपर्यंत खावी ती तारीख लावायची असते, हा नियम १ ऑक्टोबर २०२० पासूनचा. या दुकानात ती होती. तिथल्या मुलाने पुठ्ठ्याचा डबा आधी काट्यावर ठेवून वजन शून्य केलं आणि मगच बर्फी भरली. आठशे रुपये किलोच्या मिठाईत साठ ग्रॅमचा पुठ्ठा म्हणजे अठ्ठेचाळीस रुपये, म्हणून मी हे बघते. साखरपुड्याची बर्फी त्याच्याकडूनच घ्यायचं ठरलं, दोन किलो.

मग धरमपेठेत दोघी जावांकडे. कागद केला. वडाभात, कढी, बेताच्या तिखटाचा पाटोडी रस्सा, सोले-वांगे, पोळी, पुरणपोळी आणि वर तूप, काकडीची कोशिंबीर, संत्रा बर्फी. ताट ४००. भात, कढी, पोळी हवी तितकी, पुरणपोळी दोन. वयस्कर पाहुण्यांसाठी दहा माणसांचं साधं वरण वेगळं. धाकटी जाऊ एकाच गोष्टीवर अडली. "साठ लोकांचं करून देऊ बाई, पण वडे आधी तळून ठेवणार नाही जी. पंगत बसल्यावर तळू. पहिल्यांना पाच मिनिटं थांबावं लागन." मला नेमकं हेच हवं होतं. ते वाक्य तसंच कागदावर लिहिलं, खाली दोन्हीकडच्या सह्या.

थोरलीने आणखी एक सुचवलं : आठवडाभर आधी दहा जणांचं करून बघू, पुरणपोळी आणि पाटोडीचा अंदाज येईल, तिखट किती ते मुलाकडच्यांना विचारून ठरवता येईल, मात्र त्या दहा ताटांचे पैसे वेगळे लागतील. ताईने माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. ताईने आगाऊचे पाच हजार मोजले, त्यावर दहा ताटांचे चार हजार ठेवले, आणि थोरलीने पावती फाडून दिली.